ॲक्च्युअरी होऊ पाहणाऱ्यांसाठी कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा: काय, कशासाठी आणि किती खोल

विमा कंपनी हप्ता आज घेते आणि त्या बदल्यात दिलेले वचन कदाचित चाळीस वर्षांनी पाळते. मधल्या काळात व्याजदर बदलतात, माणसे म्हातारी होतात, काही अकाली जातात, काही हप्ते भरणे सोडून देतात. तरीही त्या वचनाची आजची किंमत रुपयांत सांगावी लागते, आणि ती भागवता येईल एवढा पैसा कंपनीजवळ आहे याची ग्वाही कोणाला तरी सहीनिशी द्यावी लागते. ती सही करणारा माणूस म्हणजे ॲक्च्युअरी. भारतात हा व्यवसाय २००६ च्या ॲक्च्युअरीज ॲक्टनुसार चालतो, परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते, आणि बारावीनंतर प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन तिचे विद्यार्थी-सदस्य होता येते.

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या आणि या परीक्षांचा विचार करणाऱ्या मुलामुलींची अडचण सहसा एकच असते. वर्गात कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा हे दोन स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जातात आणि त्यांत विम्याचा उल्लेखही येत नाही. ॲक्च्युअरीच्या परीक्षेत मात्र सीएम (ॲक्च्युअरियल मॅथेमॅटिक्स) आणि सीएस (ॲक्च्युअरियल स्टॅटिस्टिक्स) या मालिकांतले पेपर हे दोन्ही विषय हातात आहेत असे धरूनच सुरू होतात. मधला पूल विद्यार्थ्याने स्वतः बांधायचा असतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये रसायनशास्त्राचे प्रा. गज्जर यांच्या साहाय्याने कलाभवन उभारले, त्यामागे तांत्रिक ज्ञान लोकांच्या भाषेतून लोकांपर्यंत जावे हा आग्रह होता. त्याच गावात बसून या पुलाचे काही दगड मराठीत रचावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ॲक्च्युअरीला कॅल्क्युलसमधून मुख्यतः एक कल्पना पक्की हवी असते: एखादी राशी, जेवढी उरली आहे तिच्या मानाने, या क्षणी किती वेगाने बदलते आहे. लिनिअर अल्जिब्रामधूनही एकच कल्पना पक्की हवी असते: पुष्कळ राशी एकदम बदलत असताना त्या कोणत्या दिशेने एकत्र सरकतात. बाकीची बहुतेक तंत्रे या दोन कल्पनांच्या पोटात येतात.

उरलेल्यांच्या मानाने

ज्याच्या नावाचा धूमकेतू आपल्याला ठाऊक आहे त्या एडमंड हॅली याने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा एक तक्ता तयार केला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तक्त्याची सुरुवात १००० बालकांपासून होते आणि त्यांपैकी कोणत्या वयाला किती जण हयात असतील ते त्यात दिले आहे. चाळिशीला ४४५, पन्नाशीला ३४६, साठीला २४२, सत्तरीला १४२ आणि ऐंशीला ४१.

हे आकडे वहीत उतरवून लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करून पाहावी. चाळीस ते पन्नास या दशकात ९९ जण गेले, पुढच्या दशकात १०४, त्यापुढे १०० आणि शेवटी १०१. मृत्यूंची संख्या दर दशकाला जवळजवळ सारखीच आहे. आलेख काढला तर तो या टप्प्यात जवळपास सरळ उतरत्या रेषेसारखा दिसतो. नवख्या विद्यार्थ्याला यावरून वाटते की पन्नाशीची जोखीम आणि सत्तरीची जोखीम सारखीच. पण हे ९९ जण ४४५ पैकी होते, म्हणजे सुमारे २२ टक्के. १०४ जण ३४६ पैकी, म्हणजे ३० टक्के. १०० जण २४२ पैकी, म्हणजे ४१ टक्के. आणि शेवटचे १०१ जण १४२ पैकी, म्हणजे ७१ टक्के. उतार तोच, पण उरलेल्यांच्या मानाने पाहिला की जोखीम दर दशकाला झपाट्याने वाढते आहे.

हेच क्षणापुरते पाहिले की फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी मिळतो. हयात असलेल्यांच्या संख्येचे वयाच्या संदर्भात विकलन करायचे, म्हणजेच डिफरन्सिएशन, त्याचे चिन्ह बदलायचे आणि त्याला हयात असलेल्यांच्या संख्येनेच भागायचे. ज्याने फलनाच्या लॉगॅरिथमचे विकलन केले आहे, त्याच्या लगेच ध्यानात येईल की हे लॉगॅरिथमचे ऋण विकलन आहे. लॉगॅरिथमच्या विकलनाचा नियम बहुतेक जण परीक्षेपुरता पाठ करतात. ॲक्च्युअरीच्या कामात मात्र तो पायाचा दगड आहे.

अब्राहम द म्वाव्र याने १७२५ मध्ये हॅलीच्या तक्त्यातील हीच सरळ रेष पकडली आणि हयात असलेल्यांची संख्या वयाच्या ८६ पर्यंत एकसारखी घटत शून्यावर येते असे मानले. मग फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी ८६ मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येचा व्यस्त होतो. वय ४६ असताना चाळिसात एक, म्हणजे वर्षाला २.५ टक्के दराने; वय ६६ असताना ५ टक्के; वय ७६ असताना १० टक्के. हे उदाहरण मला फार आवडते, कारण त्यात विकलन एका ओळीत आटोपते आणि तरीही उत्तर पोकळ राहत नाही.

आता उलट दिशेने जाऊ. फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी माहीत असेल, तर आजचा माणूस अमुक वर्षांनी हयात असण्याची संभाव्यता कशी काढायची? हे पहिल्या क्रमाचे विकलक समीकरण आहे आणि त्याचे उत्तर घातांकी फलनात येते: मधल्या काळातील फोर्स ऑफ मॉर्टॅलिटीचे संकलन, म्हणजेच इंटिग्रेशन, करायचे आणि ऋण चिन्हासह ते ई या संख्येच्या घातांकात ठेवायचे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ याने १८२५ मध्ये असे मांडले की प्रौढ वयात हा फोर्स स्वतःच घातांकी रीतीने वाढतो, म्हणजे दरवर्षी एका ठराविक गुणकाने. हा गुणक १.०९ धरला तर मृत्यूची तीव्रता सुमारे आठ वर्षांत दुप्पट होते. दोनच्या लॉगॅरिथमला १.०९ च्या लॉगॅरिथमने भागून कोणीही हे पडताळू शकतो. मेकहॅम याने १८६० मध्ये त्यात वयावर अवलंबून नसलेली एक स्थिर संख्या मिळवली, कारण अपघात तरुण-म्हातारा पाहत नाही.

व्याज आणि आयुष्य एकाच संकलनात

व्याजाच्या बाबतीतही हीच मांडणी लागू पडते. वर्षाला ८ टक्के दर सांगितला आणि व्याज वर्षातून एकदाच जमा केले तर १०० रुपयांचे १०८ होतात. सहामाही जमा केले तर १०८.१६, तिमाही १०८.२४, मासिक १०८.३०. क्षणोक्षणी जमा होत राहिले तर आकडा १०८.३३ च्या पुढे जात नाही. लिमिट म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. बँकेच्या काउंटरवर पंधरा मिनिटे उभे राहिले तरी या आकड्यांचे महत्त्व कळते. शिलकीच्या मानाने क्षणाला ज्या दराने भर पडते त्याला फोर्स ऑफ इंटरेस्ट म्हणतात. वर्षाखेर बरोबर ८ टक्के वाढ हवी असेल तर हा दर १.०८ चा नैसर्गिक लॉगॅरिथम, म्हणजे सुमारे ०.०७७० असतो.

भविष्यात मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत व्याजामुळे घातांकी रीतीने घटते आणि माणूस हयात असण्याची संभाव्यताही घातांकी रीतीने घटते. हे दोन घटक एकमेकांना गुणले की त्यांचे घातांक बेरजेत येतात. त्यामुळे मृत्यूचा दर गणितात जणू वाढीव व्याजदर म्हणून वावरतो. आयुर्विम्याच्या सगळ्या सूत्रांत ही गोष्ट खोलवर मुरलेली आहे.

सोयीसाठी एक कृत्रिम माणूस घेऊ, ज्याचा फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी आयुष्यभर ०.०२ इतकाच राहतो. फोर्स ऑफ इंटरेस्ट ०.०६ धरू. मृत्यू होताच एक रुपया द्यायचा असेल तर त्याची आजची सरासरी किंमत शून्य ते अनंत या सीमांमधील एका संकलनाने मिळते आणि उत्तर येते ०.०२ भागिले ०.०८, म्हणजे ०.२५. तो हयात असेपर्यंत वर्षाला एक रुपया या दराने अखंड पैसे मिळत राहायचे असतील तर त्याची आजची किंमत १ भागिले ०.०८, म्हणजे १२.५ रुपये. विमा रक्कम १० लाख असेल तर वचनाची किंमत आज २,५०,००० रुपये. ती आयुष्यभराच्या हप्त्यांत गोळा करायची तर वार्षिक दर २,५०,००० भागिले १२.५, म्हणजे २०,००० रुपये.

आता ०.०६ ला १२.५ ने गुणावे. उत्तर ०.७५. त्यात ०.२५ मिळवले की बरोबर १ येतो. हा योगायोग नाही. फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी स्थिर असो वा नसो, हे नाते नेहमी खरे राहते आणि त्याची सिद्धता म्हणजे भागशः संकलनाची, इंटिग्रेशन बाय पार्ट्सची, एकच ओळ आहे. हयातीतील रकमांच्या संकलनात सवलतीच्या घटकाचे, म्हणजे भविष्यातल्या रुपयाची आजची किंमत देणाऱ्या फलनाचे, संकलन करायचे आणि हयातीच्या संभाव्यतेचे विकलन करायचे. सीमांवरील पद १ भागिले फोर्स ऑफ इंटरेस्ट देते आणि उरलेले पद मृत्यूच्या वेळी मिळणाऱ्या रुपयाची किंमत घेऊन येते. अर्थही तितकाच स्वच्छ आहे: आज कोणी एक रुपया हातात दिला आणि अट घातली की हयात असेपर्यंत त्याचे व्याज द्या आणि मृत्यूच्या क्षणी मुद्दल परत करा, तर या दोन देण्यांची किंमत मिळून तो एक रुपयाच असायला हवा. ज्या विद्यार्थ्याला हे सूत्र आणि हा व्यवहार एकच आहेत असे दिसले, त्याचा सीएम-१ या पेपरचा निम्मा भार हलका झाला असे मी मानतो.

म्हणून सराव कशाचा करावा, तर भागशः संकलनाचा, अनंत सीमा असलेल्या संकलनांचा आणि दुहेरी संकलनात क्रम बदलण्याचा. सरासरी आयुर्मान हे हयातीच्या संभाव्यतेचे सरळ संकलन असते, हे याच तंत्रांनी सिद्ध होते. त्रिकोणमितीय आदेश वापरून सोडवायची अवघड संकलने विद्यापीठाच्या परीक्षेसाठी जरूर करावीत, पण विम्याच्या कामात ती क्वचितच भेटतात.

राखीव निधी कशामुळे लागतो

वरच्या कृत्रिम माणसाबद्दल एक प्रश्न विचारावा. पॉलिसी दहा वर्षे चालल्यावर कंपनीने त्याच्यासाठी किती निधी बाजूला ठेवलेला असावा? उत्तर आहे शून्य. त्याचा धोका वयानुसार वाढतच नाही. त्यामुळे दर क्षणी जमा होणारा हप्ता त्या क्षणाच्या जोखमीला तंतोतंत पुरतो: ०.०२ गुणिले १० लाख, म्हणजे २०,०००. खऱ्या माणसाचे तसे नसते. तरुणपणी त्याची जोखीम हप्त्यापेक्षा कमी असते आणि म्हातारपणी कितीतरी जास्त. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत उरलेला पैसा पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवावा लागतो. आयुर्विमा कंपनीच्या ताळेबंदातला सगळ्यात मोठा आकडा असा वार्धक्यातून जन्माला येतो.

डॅनिश गणिती थोरवाल्ड थीले याने १८७५ मध्ये या निधीची वाटचाल एका विकलक समीकरणात बसवली. निधी वाढण्याचा वेग म्हणजे निधीवरील व्याज, अधिक हप्ता, वजा फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी गुणिले विमा रक्कम व निधी यांतला फरक. शेवटच्या पदाकडे नीट पाहावे. मृत्यू झाला तर कंपनीला १० लाख द्यावे लागतात, पण त्या पॉलिसीपोटी राखलेला निधी तेव्हा मोकळा होतो. म्हणून खरी जोखीम फरकापुरतीच असते. समजा एखाद्या पॉलिसीचा निधी आज २ लाख आहे, फोर्स ऑफ इंटरेस्ट ०.०६, हप्ता वर्षाला २०,००० आणि या वयाचा फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी ०.०१. व्याजाचे १२,००० आले, हप्त्याचे २०,००० आले, जोखमीपोटी ८ लाखांवर ०.०१ या दराने ८,००० गेले. निधी या क्षणी वर्षाला २४,००० रुपये या वेगाने वाढतो आहे. विकलक समीकरणांच्या तासाला जे निर्जीव वाटते ते इथे महिन्याच्या जमाखर्चासारखे वाचता येते. सूत्राने उत्तर निघत नसेल तर लहान लहान टप्पे घेऊन संगणकावर ते सोडवता येते, आणि प्रत्यक्ष कामात बहुधा तसेच केले जाते.

टेलर श्रेणीचा उपयोग व्याजदर हलल्यावर होतो. दहा वर्षांनी द्यायच्या रकमेची आजची किंमत ७ टक्क्यांनी काढली आहे आणि दर ८ टक्के झाला, तर किंमत किती घटेल? पहिल्या विकलनावरून अंदाज येतो ९.३५ टक्के. दुसऱ्या विकलनाचे पद त्यातले ०.४८ परत देते, म्हणजे ८.८७. नेमके उत्तर ८.८८ आहे. पहिल्या पदामागची राशी म्हणजे ड्युरेशन आणि दुसऱ्यामागची म्हणजे कॉन्व्हेक्सिटी. फ्रँक रेडिंग्टन या ब्रिटिश ॲक्च्युअरीने १९५२ मध्ये दाखवले की मालमत्ता आणि देणी यांच्या आजच्या किमती समान, त्यांची पहिली विकलने समान आणि मालमत्तेचे दुसरे विकलन मोठे असेल, तर व्याजदर थोडा वर गेला काय किंवा खाली आला काय, कंपनीचे नुकसान होत नाही. किमान बिंदू ओळखण्याची ही बारावीतली कसोटीच आहे. अट एवढीच की बदल लहान हवा आणि सर्व मुदतींच्या दरांत सारखा हवा; ही अट विसरून सूत्र वापरणाऱ्याच्या हाती चुकीचा भरवसा येतो.

पुष्कळ राशी एकदम

आतापर्यंत एक माणूस, एक पॉलिसी होती. प्रत्यक्षात पॉलिसी लाखो असतात आणि तिथे लिनिअर अल्जिब्रा लागतो.

गॉम्पर्ट्झचा नियम लॉगॅरिथममध्ये लिहिला की सरळ रेष होते. समजा, निव्वळ उदाहरणादाखल, वय ५०, ६० आणि ७० ला दर हजारी मृत्यू ५, १२ आणि ३० आहेत. त्यांचे नैसर्गिक लॉगॅरिथम १.६०९, २.४८५ आणि ३.४०१. तीन बिंदू आणि रेषेला लागणाऱ्या संख्या दोन, म्हणजे तीन समीकरणे आणि दोन अज्ञाते. नेमके उत्तर बहुधा नसतेच. मग सर्वांत जवळची रेष शोधायची. इथे तीन आकड्यांकडे तीन मितींतला एक सदिश म्हणून पाहणे ही खरी उडी आहे. या समीकरणांच्या मॅट्रिक्सचे दोन स्तंभ, एक सगळीकडे १ असलेला आणि दुसरा वयांचा, एक प्रतल ठरवतात, आणि त्या प्रतलात आपल्या सदिशाची लंबाने पडलेली छाया म्हणजे लीस्ट स्क्वेअर्सचे उत्तर; सूर्य बरोबर डोक्यावर असताना तिरक्या काठीची सावली जमिनीवर पडते, तशी.

वय साठपासून दशकांत मोजले, म्हणजे −१, ० आणि १ असे लिहिले, तर दोन स्तंभ एकमेकांना लंब होतात आणि समीकरणे आपोआप वेगळी होतात. पहिली संख्या म्हणजे तिन्ही लॉगॅरिथमची सरासरी, २.४९९. दुसरी म्हणजे शेवटच्या आणि पहिल्या लॉगॅरिथममधील फरकाचा अर्धा भाग, ०.८९६. तिला ई च्या घातांकात ठेवले की २.४५ मिळतात: दर दशकाला मृत्युदर सुमारे अडीचपट. रेषेपासून उरलेले फरक अंदाजे ०.००७, −०.०१४ आणि ०.००७ आहेत, हा फरकांचा सदिश दोन्ही स्तंभांना लंब असतो आणि ते गुणाकार करून हाताने तपासता येते. मोटर विम्याचा हप्ता गाडीचे वय, शहर, इंजिनची क्षमता अशा वीस गोष्टींवरून ठरवायचा असला की स्तंभ वीस होतात, पण चित्र हेच राहते. तेथे जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल वापरतात, लाइकलिहूडची, म्हणजे हाती आलेले आकडेच मिळण्याच्या संभाव्यतेची, कमाल किंमत आंशिक विकलनांनी शोधतात आणि दुसऱ्या विकलनांच्या मॅट्रिक्सवरून ती खरोखर कमालच आहे याची खात्री करतात. दोन विषयांची भेट होते ती या ठिकाणी.

मॅट्रिक्सचा गुणाकार कशासाठी, याचे उत्तर आपल्या गाडीच्या पॉलिसीत आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर नो क्लेम बोनस मिळतो: दावा न करता पहिले वर्ष गेले तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. दावा केला की पुन्हा शून्यावर. सहा पायऱ्या झाल्या. दर वर्षी दावा होण्याची संभाव्यता एकदशांश धरू. कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर जाण्याची संभाव्यता किती, हे सहा गुणिले सहा मॅट्रिक्समध्ये लिहायचे. ही मार्कोव्ह साखळी. मॅट्रिक्सला स्वतःने गुणले की दोन वर्षांनंतरच्या संभाव्यता मिळतात, पाच वेळा घेतले की पाच वर्षांनंतरच्या.

दीर्घकाळात कोणत्या पायरीवर किती ग्राहक असतील? जी विभागणी मॅट्रिक्सने गुणूनही बदलत नाही ती शोधायची, म्हणजेच आयगेनव्हॅल्यू १ असलेला आयगेनव्हेक्टर. उत्तर येते: शून्य पायरीवर १० टक्के, त्यानंतर ९, ८.१, ७.२९ आणि ६.५६ टक्के, आणि सर्वांत वरच्या पायरीवर तब्बल ५९.०५ टक्के. सरासरी सवलत ३८.८५ टक्के भरते. मूळ हप्ता १०,००० छापलेला असला तरी कंपनीच्या हाती सरासरी ६,११५ रुपयेच येतात. मूळ हप्ता ठरवतानाच हे लक्षात घ्यावे लागते. या मॅट्रिक्सच्या बाकीच्या पाचही आयगेनव्हॅल्यू शून्य आहेत. याचा अर्थ, पाच वर्षांनंतर ग्राहकाने कोणत्या पायरीवरून सुरुवात केली होती याची कसलीही खूण उरत नाही. दावा केल्यावर शून्यावर न आणता एकच पायरी खाली उतरवणारी पद्धत असेल तर तसे होत नाही. तेथे दुसऱ्या क्रमांकाची आयगेनव्हॅल्यू किती मोठी आहे यावर जुनी खूण पुसायला लागणारा काळ ठरतो.

आता बडोद्याचा पूर. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी पुन्हा वस्त्यांत शिरले. नदीकाठच्या १०० घरांचा विमा एका कंपनीने उतरवला आहे असे धरू. प्रत्येक घराच्या नुकसानीचे विचरण, म्हणजे व्हेरियन्स, १ मानू आणि कोणत्याही दोन घरांमधील सहसंबंध ०.२. हे सगळे १०० गुणिले १०० च्या मॅट्रिक्समध्ये मावते आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू हाताने काढता येतात: एक २०.८ आणि उरलेल्या ९९ प्रत्येकी ०.८. त्या एका मोठ्या आयगेनव्हॅल्यूचा आयगेनव्हेक्टर म्हणजे सगळे घटक सारखे असलेला सदिश; सगळ्या घरांचे नुकसान एकाच वेळी वाढण्याची ती दिशा. गणिताला नदीचे नाव माहीत नाही, पण पूर त्याने बरोबर ओळखला.

घरे एकमेकांशी असंबद्ध असती तर १०० घरांच्या सरासरी नुकसानीचे प्रमाण विचलन, म्हणजे विचरणाचे वर्गमूळ, एका घराच्या एकदशांशावर आले असते. ०.२ सहसंबंध असताना ते ०.४५६ राहते. १०० च्या जागी त्याच काठावरची १०,००० घरे घेतली तरी ते ०.४४७ च्या खाली जात नाही. ग्राहक वाढवले की जोखीम आपोआप पातळ होते, हा समज इथे मोडतो. उपाय दोनच: दुसऱ्या नद्यांच्या काठची, दुसऱ्या प्रांतांतली घरे विम्यात घेणे किंवा पुनर्विमा करणे, म्हणजे जोखमीचा काही भाग दुसऱ्या विमा कंपनीकडे सोपवणे.

सहसंबंधांच्या मॅट्रिक्सबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तेथे संगणक निमूटपणे चुकीची बेरीज करून देतो. तीन विभागांनी आपापले अंदाज पाठवले: पूर आणि घरविमा यांत ०.९, घरविमा आणि दुकानविमा यांत ०.९, पूर आणि दुकानविमा यांत ०. प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर शक्य वाटतो. तिन्ही एका मॅट्रिक्समध्ये मांडून त्याचा निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, काढला तर तो −०.६२ येतो. तीन जोखमी १, −√२ आणि १ या प्रमाणात एकत्र केल्या तर विचरण सुमारे −१.०९ निघते, आणि विचरण ऋण असूच शकत नाही. पहिले दोन आकडे ०.९ असतील तर तिसरा किमान ०.६२ असायला हवा. यालाच पॉझिटिव्ह सेमीडेफिनिट असण्याची अट म्हणतात. अहवालावर सही करण्यापूर्वी ॲक्च्युअरीला त्या तीन विभागांना एकत्र बसवून तिघांपैकी कोणाचा आकडा बदलायचा हे ठरवून घ्यावे लागते.